धुळे, धुये, धुले : नावांचा ग्राफ बांधताना 'अक्षर' कशाला म्हणायचं?

तापीकाठ
पीएचडीचा विषय स्ट्रिंग अल्गोरिदम आणि ग्राफ थिअरीच्या सांध्यावर आहे, मुक्काम जळगाव. खान्देशातल्या गावांची नावं कागदोपत्री आणि बोलीत जितक्या तऱ्हांनी लिहिली जातात, तेवढ्या सगळ्या एका ग्राफमध्ये (नोड म्हणजे ठिपके, कडा म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेघा) ठेवायच्या. शोधणाऱ्याने कशीही लिहिली तरी नेमकं गाव सापडलं पाहिजे.

नमुना म्हणून जळगावच घ्या. पहिला नोड ज. त्याच्यापुढे तीन फाटे: ळ, ल, य. तिन्ही ग वर येऊन मिळतात. मग काना, मग एक तर सरळ व, नाहीतर मध्ये अनुस्वार आणि मग व. नोड ८, कडा १०, आणि वाटा ३ × २ = ६: जळगाव, जळगांव, जलगाव, जलगांव, जयगाव, जयगांव. इथे फरक किरकोळ वाटतो, पण ज्या नावात पाच जागी तीन-तीन पर्याय आहेत त्याची यादी २४३ ओळींची होते आणि ग्राफमध्ये मात्र फाट्यांचे नोड फक्त १५. म्हणून यादी नको, ग्राफ हवा.

प्रश्न दोन.
पहिला: नोडवर काय ठेवायचं? युनिकोडचा एकेक कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाला, मात्रेलाही, दिलेला क्रमांक), की मात्रा-जोडाक्षरासकट अख्खं अक्षर?
दुसरा: इक्वी, ग्रोसी, मॅकिनेन आणि टोमेस्कू यांनी २०१९ मध्ये दाखवलं की ग्राफमध्ये अचूक पॅटर्न शोधणंसुद्धा (पॅटर्नची लांबी × कडा) याहून खऱ्या अर्थाने लवकर होणार नाही, 'सेथ' (तर्कसूत्रांचं एक अवघड कोडं जवळजवळ सगळे पर्याय तपासल्याशिवाय सुटत नाही) हे गृहीतक खरं असेल तर. ग्राफ दिशादर्शक, चक्र नसलेला, वर्णमाला दोनच चिन्हांची, तरीही. मग इंडेक्सचा खटाटोप करायचा का?

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री
काय चाली ऱ्हायनं भो! आम्ही इथे भरताची वांगी निवडतोय आणि तिकडे जळगावाला तीन फाटे फुटले. वाचतोय.

वर्णसंकर
पहिल्या प्रश्नाच्या आधी शून्यावा प्रश्न सोडवा: नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणं एकसारखी करणं. ते नीट नसेल तर नोडवर काहीही ठेवा, कचरा आत जाईल.

एनएफसी (सुटे तुकडे जोडून एक करण्याची युनिकोडची ठरलेली पद्धत) करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. 'ऱ' एक कोडपॉइंट म्हणूनही येतो आणि र + नुक्ता असा दोन तुकड्यांतही येतो. एनएफसी त्यांना एक करतं. 'ॲ' मात्र एक करत नाही. २००८ पासून त्याला स्वतःचा कोडपॉइंट आहे, तरी जुन्या फाइलींत अ + चंद्र असतं, काही ठिकाणी ए + चंद्रसुद्धा. पडद्यावर सगळे जवळपास सारखे, कॉम्प्युटरला तीन वेगळे. त्यासाठी स्वतःचा तक्ता लागतो.

अदृश्य जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, सरसकट पुसू नका. बऱ्याच कीबोर्डांवर अर्धा चंद्र असलेला र 'र + हलन्त + झेडडब्ल्यूजे' असा टाइप होतो. ते चिन्ह पुसलं की त्याचा रफार होतो आणि आचाऱ्यांना दिलेली दक्षिणा आचार्यांना जाते. आधी त्या तिकडीचा 'ऱ + हलन्त' करा, मग उरलेली अदृश्य चिन्हं झाडून टाका. क्रम उलटा झाला तर माहिती परत मिळत नाही.

अनुस्वार: नन्दुरबार आणि नंदुरबार एक करायचे असतील तर 'न् नंतर त, थ, द, ध आला तर अनुस्वार' असा नियम ठेवा. चारच अक्षरं. 'त-वर्ग' म्हणून न पण घातलात की 'अन्न'चं 'अंन' होतं.

हतनूरचा_दरवाजा
शून्यावा प्रश्न सोडवलात, आता पहिला. माझं मत अख्ख्या अक्षराच्या बाजूने. जगभर सफिक्स ॲरे (शब्दाच्या सगळ्या शेपटांची, म्हणजे सफिक्सची, वर्णक्रमाने लावलेली यादी) 'बनाना'वर शिकवतात, आपण तोच देवनागरीत करून बघू. शेवटी # लावू, ते सगळ्यांत लहान.

कोडपॉइंट धरले तर: ब, न, काना, न, काना, #. शून्यापासून मोजून सफिक्स ॲरे येतो ५, ३, १, ०, ४, २. बरोज-व्हीलर रूपांतर (त्याच क्रमाने प्रत्येक सफिक्सच्या आधीचं चिन्ह): काना, काना, ब, #, न, न. सहातले दोन सफिक्स नुसत्या कान्यापासून सुरू होतात. कान्यापासून सुरू होणारा शब्द कोणी शोधणार आहे का? ती इंडेक्समधली मेलेली जागा.

अक्षरं धरली तर: ब, ना, ना, #. ॲरे ३, २, १, ०. रूपांतर: ना, ना, ब, #. चार ओळीत काम संपलं आणि प्रत्येक सफिक्स उच्चारता येतो.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री
म्हणजे जगातला प्रत्येक कॉम्प्युटरवाला केळ्यावर शिकला आणि रावेर-यावलला रॉयल्टी शून्य?

कडा_मोजा_आधी
हतनूर, उदाहरण सुरेख आहे, पण केळं सोलायला सोपंच असतं. जोडाक्षर घ्या.

'खान्देश' आणि 'खानदेश'. कोडपॉइंटने पहिला ७, दुसरा ६. मधला हलन्त काढला की काम झालं, अंतर (एकाचं दुसरं करायला लागणारे बदल) १. अक्षरांनी पहिला खा-न्दे-श, दुसरा खा-न-दे-श. 'न्दे'च्या जागी 'दे' ठेवा आणि 'न' घाला, अंतर २. एकाच गोष्टीच्या दोन सर्वमान्य लिखाणांना दोनचा दंड. उलट अक्षरपद्धतीत 'की'चं 'कि' झालं तरी दंड १ आणि 'की'चं 'गा' झालं तरी १. ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि भलताच शब्द एका मापात! शिरपूर-शिरपुर लिहिणाऱ्या जगात हे चालणार नाही.

दुसरं, 'अक्षर' कुठे तुटतं हे ज्या लायब्ररीला विचारता तिची आवृत्ती बघा. युनिकोड १५.१ पर्यंत, म्हणजे २०२३ पर्यंत, ग्राफीमचा (वाचणाऱ्याला एक वाटणाऱ्या अक्षराचा) सर्वसाधारण नियम हलन्तानंतर तोडायचा: खा-न्-दे-श, चार तुकडे. १५.१ पासून देवनागरी जोडाक्षर अखंड राहतं: तीन. इंडेक्स बांधणारा सर्व्हर जुना आणि शोध पाठवणारा फोन नवा असेल तर दोघांचं 'खान्देश' जुळणारच नाही, आणि लॉगमध्ये एकही एरर दिसणार नाही.

तिसरं, वर्णमालेचा आकार. देवनागरीचा मूळ ब्लॉक १२८ कोडपॉइंटांचा. एफएम-इंडेक्समधल्या (बरोज-व्हीलरवर उभा असलेला शोध-इंडेक्स) वेव्हलेट ट्रीला (दर पातळीला वर्णमाला निम्मी करणारं झाड) ७ पातळ्या पुरतात. अक्षरं धरलीत आणि ती ४,००० निघाली तर १२ पातळ्या, शिवाय उद्या नवं जोडाक्षर आलं की तक्ता पुन्हा.

हतनूरचा_दरवाजा
आवृत्तीचा मुद्दा मान्य. मग स्वतःचा तोडणीनियम लिहायचा: व्यंजन, (हलन्त + व्यंजन) कितीही वेळा, मग मात्रा, मग अनुस्वार-विसर्ग. चार ओळींचं काम. दंडाचा मुद्दाही अक्षराच्या आत वेगळी किंमत लावून सुटतो.

कडा_मोजा_आधी
अक्षराच्या आत किंमत लावायची म्हणजे आत पुन्हा कोडपॉइंटच मोजायचे. घरी जायला वळसा घालून.

डाउन_यार्ड
बाइटवर थेट शोधणाऱ्यांसाठी एक खाच सांगून ठेवतो. यूटीएफ-८ (कोडपॉइंट बाइटांत लिहिण्याची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट. पहिला कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५, वेगळेपण काय ते तिसऱ्यात. 'पारोळा' म्हणजे १८ बाइट. बॉयर-मूरची (पॅटर्न शेवटाकडून जुळवत पुढे उड्या मारणारी शोधपद्धत) खरी मजा लांब उडीत आहे, पण पॅटर्नच्या शेवटच्या बाइटसमोर २२४ आला की 'वाईट वर्ण' नियमाची उडी २, १६४ आला की १. मध्ये स्पेस, आकडे आले (ते एकाच बाइटचे) की दर वेळी रूळ बदलतात आणि या बारक्या उड्या पदरी पडतात.

उपाय साधा: मजकूर आत घेतानाच कोडपॉइंटमधून ब्लॉकची सुरुवात, यू+०९००, वजा करा. ० ते १२७ मध्ये सगळी देवनागरी बसते, १२८ पासून वर स्पेस, आकडे वगैरे ठेवा. एका चिन्हाला एक बाइट, मेमरी एक तृतीयांश, आणि उड्या पुन्हा लांब.

बाइटवर शोधल्याने अर्ध्या चिन्हावर जुळणी होईल ही भीती मात्र खोटी, यूटीएफ-८ ची रचना ते होऊ देत नाही. खरी चूक एक पायरी वर होते: 'पार' शोधलं की 'पारोळा' सापडतो, कारण 'रो'मधला र जुळला आणि ओकार बाहेर लोंबकळत राहिला. जुळणी संपल्यावर पुढचं चिन्ह मात्रा, हलन्त किंवा अनुस्वार आहे का बघा. असेल तर टाकून द्या. म्हणजे हतनूरचं अक्षर फक्त सीमेवरच्या तपासणीत लागतं. इंडेक्स कोडपॉइंटचाच ठेवा.

वर्णसंकर
यार्डसाहेबांनी दोघांचं भांडण मिटवलं की काय. ग्राफमध्येही तेच करता येईल. उत्तराच्या वाटेचा शेवटचा नोड आणि त्याच्या पुढचे नोड तपासायचे.

डाउन_यार्ड
ग्राफमध्ये 'पुढचे' अनेक असतात ना. एका फाट्यावर मात्रा, दुसऱ्यावर व्यंजन असं असेल तर एक जरी पुढचा नोड मात्रा नसलेला सापडला, किंवा नाव तिथेच संपत असेल, तरी जुळणी धरा. 'सगळे' म्हणालात तर खरी नावं गळतील.

मेहरूण_पाळी
ग्राफचा विषय आहे, हाताशी रेल्वे आहे, आणि कोणी ऑयलर काढला नाही? मनमाड-चाळीसगाव-जळगाव-भुसावळ ही मुख्य लाईन. चाळीसगावाहून धुळे, जळगावाहून नंदुरबार, भुसावळहून खंडवा आणि अकोला. ८ नोड, ७ कडा. प्रत्येक कडेवरून एकदाच जाऊन सगळी लाईन तपासता येईल का?

कडा_मोजा_आधी
नाही. चाळीसगाव, जळगाव, भुसावळ यांची डिग्री (लागलेल्या कडा) ३, बाकी पाच टोकांची १. आठच्या आठ विषम. ऑयलरची वाट हवी तर विषम नोड शून्य किंवा दोनच पाहिजेत. आठ म्हणजे कमीत कमी चार ट्रॉल्या.

मेहरूण_पाळी
धुळ्याचा फाटा एकेरी ठेवा, बाकी सगळं दुहेरी धरा.

कडा_मोजा_आधी
मग जमलं. धुळे १, चाळीसगाव ५, बाकी सगळे सम. एकच ट्रॉली, धुळ्याहून निघेल, सगळीकडे जाऊन-येऊन चाळीसगावला थांबेल.

डाउन_यार्ड
जळगाव-भुसावळ तिसरी लाईन धरा.

कडा_मोजा_आधी
झालं वाटोळं. जळगाव ७, भुसावळ ७. विषम नोड चार, ट्रॉल्या दोन.

डाउन_यार्ड
चौथी धरा.

कडा_मोजा_आधी
पुन्हा एकच. आता पाचवी काढू नका.

केळीपट्टा
रॉयल्टीची थट्टा झाली, पण ऑयलरची वाट केळ्याच्या जीनोमपर्यंत खरोखर जाते. केळ्याचा पहिला जीनोम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे ५२ कोटी बेस (डीएनएची अक्षरं), ११ गुणसूत्रं. जीनोम तुकड्या-तुकड्यांनी वाचला जातो. तुकडे नोड मानून एकमेकांवर चढवत बसलं तर हॅमिल्टनची वाट (प्रत्येक नोडवर एकदाच जाणारी) शोधावी लागते, ते एनपी-कम्प्लीट, म्हणजे झटपट पद्धत माहीत नसलेलं. म्हणून प्रत्येक तुकड्याचे के लांबीचे घास पाडतात. घास म्हणजे कडा, त्याची सुरुवातीची आणि शेवटची (के − १) अक्षरं म्हणजे नोड. हा डी ब्राउन ग्राफ, आणि त्यात ऑयलरची वाट रेषीय वेळात निघते. पेव्ह्झनर, टँग आणि वॉटरमन यांनी २००१ मध्ये हा मार्ग रुजवला.

के बहुधा ३१ का? विषम असला की कुठलाही घास स्वतःच्याच उलट-पूरक (समोरच्या धाग्यावर उलटा वाचलेल्या) घासासारखा निघू शकत नाही. शिवाय एका बेसला २ बिट, ३१ ला ६२, म्हणजे ६४ बिटांच्या एका शब्दात घास बसतो. ३३ केला की दोन शब्द, मेमरी फुगली.

वाचनात एक अक्षर चुकलं की के पर्यंत घास खोटे. चूक मधे असेल तर ग्राफमध्ये बुडबुडा, टोकाला असेल तर लोंबता शेंडा. के वाढवला तर पुनरावृत्ती सुटते पण आच्छादन (एकेक जागा किती वेळा वाचली गेली) पडतं: १५० लांबीचं वाचन, आच्छादन ५०, तर के ३१ ला घासांचं आच्छादन ५० × १२० ÷ १५० = ४०. के १०१ ला जेमतेम १७.

आणि इथल्या मळ्यांत असते ती टिश्यू कल्चरची ग्रँड नैन त्रिगुणित. गुणसूत्रांचे तीन संच. म्हणजे बुडबुड्याला दोनच फाटे असं गृहीत धरणारा असेंब्लर (तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) इथे तिसरा फाटा चूक समजून छाटतो.

मॉडरेटर_तात्या
धागा गावांच्या नावांवरून निघाला, भुसावळला गाडी बदलली आणि केळीच्या मळ्यात उतरला. तापीकाठ यांचा दुसरा प्रश्न अजून फलाटावर उभा आहे.

तापीकाठ
तात्या, केळीपट्टा यांचा तिसरा फाटा खरं तर माझ्याच प्रश्नाला लागू आहे. ळ, ल, य हे तीन फाटे आहेत आणि अंतर मोजणारा प्रोग्रॅम त्यातले दोन 'चूक' म्हणतो.

कागद_बरोबर_पाहिजे
चूकच आहेत ना? गॅझेटमध्ये 'धुळे' आहे. 'धुये' आणि 'धुले' यांना अंतर १ चा दंड लावा, विषय संपला. ग्राफ कशाला?

अहिराणी_ओटा
'धुये' चूक नाही, भाऊ. अहिराणीत आणि लेवा गणबोलीत ळ चा य होतो, नियमाने होतो. डोळा तो डोया, काळा तो काया. नियमाने होणाऱ्या गोष्टीला टायपिंगच्या चुकीच्या रांगेत उभं करू नका.

मान-अपमान बाजूला ठेवला तरी नुसत्या हिशोबाने तुमचा उपाय पडतो. बोलीला जागा म्हणून अंतराची मर्यादा १ ठेवलीत, तर 'पिंपळगाव बु' आणि 'पिंपळगाव खु' एक झाले. ब च्या जागी ख, अंतर १. थोरलं गाव आणि धाकटं गाव, दोघांचे सातबारे वेगळे. मर्यादा २ केलीत तर पारोळा आणि पाचोरा एक झाले: र-च, ळ-र, संपलं. दोन तालुके एका डब्यात.

तेव्हा बोली ग्राफमध्ये, चूक अंतरात. ळ-ल-य हे फाटे बिनदंडाचे. बोट चुकलं तर दंड. बुद्रुक-खुर्द हा तुकडा आधीच वेगळा काढायचा, तिथे दंड देऊनही सूट नाही, अक्षरशः जुळलं तरच.

फाटे एकाच दिशेने: ळ वरून य. उलटा नियम घातलात तर यावलचं 'ळावल' होईल. मराठीत ळ ने शब्द सुरू होत नाही एवढी तरी चाड ठेवा.

कडा_मोजा_आधी
हे पटलं, आणि याचा दुसरा फायदा वेगाचा आहे. बोलीला ०.३, चुकीला १ असे अपूर्णांकी दंड ठेवले तर बिटांची युक्ती सहज चालत नाही, पूर्ण तक्ता भरावा लागतो. बोली ग्राफमध्ये गेली की सगळे दंड १, आणि शिफ्ट-अँड (पॅटर्न कुठवर जुळला ते बिटांत ठेवणारी पद्धत) चालतो.

करायचं असं. पॅटर्न ६४ चिन्हांपर्यंत, म्हणजे एक मशीन-शब्द. नोड टोपोलॉजिकल क्रमाने (मागचे सगळे आधी) घ्या. प्रत्येक नोडवर त्याच्या मागच्या सगळ्या नोडांच्या स्थितींचा ऑर घ्या, एक घर सरकवा, शेवटचा बिट १ करा, नोडच्या चिन्हाच्या मुखवट्याशी (पॅटर्नमध्ये ते चिन्ह जिथे येतं तिथले बिट) अँड करा. 'जयगाव' शोधताना: ज वर पहिला बिट पेटतो. ळ आणि ल वर सगळं विझतं, य वर दुसरा पेटतो. ग वर तिघांचा ऑर, त्यामुळे तिसरा. कान्यावर चौथा. अनुस्वारावर विझतं, पण व कडे कान्याकडून सरळ कडासुद्धा येते, म्हणून पाचवा पेटला. सापडलं. दहा कडा, दहा ऑर. एक चूक चालवायची असेल तर वू आणि मॅनबर यांच्या १९९२ च्या पद्धतीने दोन शब्द ठेवा, दोन चुकांना तीन.

नेहमीची घसरण: अनुस्वारासारखा 'असला तर असला' नोड घालताना वळसा देणारी कडा, इथे काना ते व, विसरली जाते. मग 'जळगांव' सापडतं आणि 'जळगाव' सापडत नाही.

हतनूरचा_दरवाजा
आणि दुसऱ्या प्रश्नाला थेट उत्तर: समजा १०,००० नावं, प्रत्येकी १२ कडा, म्हणजे १,२०,००० कडा. साध्या पद्धतीने पॅटर्न १० चिन्हांचा धरला तरी १२ लाख पायऱ्या, बिटांनी १,२०,००० च्या आसपास. फोनवरसुद्धा डोळ्याची पापणी लवायच्या आत. २०१९ चं प्रमेय खरं आहे, पण ते तुमच्या गावच्या वेशीपर्यंत पोचतच नाही.

कागद_बरोबर_पाहिजे
मग यात पीएचडी कुठे आहे? दोनशे ओळींचा प्रोग्रॅम झाला.

वर्णसंकर
पीएचडी प्रमेयाच्या पलीकडच्या बाजूला आहे. सर्वसाधारण ग्राफला इंडेक्स बांधायला बहुपद वेळ दिला तरी शोध वेगवान होत नाही, हे पुढे २०२१ मध्ये ('सेथ' खरं धरून) सिद्ध झालं. पण खास ग्राफना होतो. व्हीलर ग्राफ (ज्याचे नोड बरोज-व्हीलरसारख्या क्रमात लावता येतात; गॅजी, मंझिनी, सिरेन, २०१७) असेल तर एफएम-इंडेक्ससारखा शोध चालतो. मात्र दिलेला ग्राफ व्हीलर आहे का हे ओळखणंच एनपी-कम्प्लीट, गिबनी आणि थंकचन यांनी २०१९ मध्ये दाखवलं. दुसरीकडे फाउंडर ग्राफ आहेत: उभे पट्टे पाडायचे आणि अट अशी की एका पट्ट्यातल्या नोडची स्ट्रिंग ग्राफमध्ये इतरत्र सुरू होता कामा नये.

आता बघा, गावांच्या नावात 'गाव', 'खेडा', 'नेर', 'पूर' शेकडो वेळा येतात, त्यामुळे ही अट जशीच्या तशी मोडते. पण ही शेपटं मोजकी आहेत आणि जागा ठरलेली, शेवटी. शेपूट वेगळं तोडून उरलेल्या धडावर अट लावली तर किती नावं बसतात, आणि 'शेपटांसह पुनरावृत्तीमुक्त' अशी व्याख्या केली तर इंडेक्स किती मोठा होतो? हा प्रश्न थिसिसच्या प्रकरणाएवढा नक्की आहे.

डाउन_यार्ड
लांब मजकुरात, म्हणजे जुन्या नोंदींत, सगळी नावं एकदम शोधायची असतील तर शिफ्ट-अँड नको, आहो-कोरासिक (१९७५; अनेक शब्द एका फेरीत शोधणारी पद्धत). अपयशाच्या दुव्यांबरोबर (जुळणी तुटली की कुठे जायचं) आउटपुटचे दुवेही ठेवा, नाहीतर 'अमळनेर' सापडताना शेवटचं 'नेर' हरवतं. दोन्ही काढा आणि मग लांब असेल ते ठेवा.

अहिराणी_ओटा
आणि जळगाव शोधलं की बुलढाण्याचं जळगाव जामोदसुद्धा पुढ्यात येईल. तिथे कुठलाच अल्गोरिदम कामाचा नाही. उत्तर म्हणून नाव परत देऊ नका, जनगणनेचा गाव-कोड आणि तालुका द्या.

तापीकाठ
ठरलं ते असं: नोडवर कोडपॉइंट, ब्लॉकची सुरुवात वजा करून एक बाइट. अक्षर फक्त सीमातपासणीला. बोलीचे फाटे बिनदंड आणि एकाच दिशेने, बु-खु बाहेर. 'शेपटांसह पुनरावृत्तीमुक्त' ही कल्पना गाईडसमोर ठेवतो. एकच गाठ उरली: 'गाव'चा अनुस्वाराचा फाटा शेपटात येतो. म्हणजे शेपूट स्ट्रिंग राहत नाही, तोच एक छोटा ग्राफ होतो. मग धडाशी सांधा कुठे द्यायचा?

वर्णसंकर
ग च्या आधी. 'गाव'चं शेपूट एकदाच बांधा, सगळ्या धडांनी तेच वापरावं. ग मध्ये शिरणाऱ्या कडा शेकडो होतील, पण नोड चारच राहतील: ग, काना, अनुस्वार, व. फक्त शेपटात पोचल्यावर कुठल्या धडातून आलो हे बिटांच्या स्थितीत राहत नाही, सगळ्यांचा ऑर झालेला असतो. म्हणून धडाचा क्रमांक ग च्या आधीच टिपून ठेवा. तो राहिला तर 'सापडलं' एवढंच कळेल, कोणतं गाव ते कळणार नाही.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री
तलाठ्याकडेही असंच होतं.